पीएसए वाढल्यावर घाई कशाची करावी आणि कशाची करू नये

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि तुम्ही चिंचवडला राहता. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या आरोग्य तपासणीत त्यांचे पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे आणि रक्तात मोजले जाणारे प्रथिन, ७.४ आले आणि सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ६२ ग्रॅमची दिसली. लघवीच्या तक्रारीसाठी ते दोन वर्षांपासून रात्री एक कॅप्सूल घेतात, मात्र तिचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. त्यांच्या डॉक्टरांनी आधी एमआरआय करून मग बायोप्सीचे ठरवू, असे सांगितले आहे. घरात दोन तट पडले आहेत: सुई लागली की कॅन्सर पसरतो, म्हणून बायोप्सी करूच नये, असे काकांचे म्हणणे; तर वेळ न दवडता रोबोटने ग्रंथी काढून टाकावी, असे मेव्हण्यांचे म्हणणे. नवे संशोधन यात काय सांगते, वडील रोज सायकल चालवतात त्याने पीएसए वाढले असेल का, आणि ४३ व्या वर्षी तुम्ही स्वतः ही तपासणी करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

वरवर पाहता हा बायोप्सी करावी की नाही एवढाच प्रश्न वाटतो. माझ्या मते त्याच्या मुळाशी दुसरा प्रश्न आहे: ७.४ या आकड्याला किती वजन द्यायचे, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर थांबता येईल का. मी पुण्यात बरीच वर्षे मूत्ररोगशस्त्रक्रिया करतो. या काळात आमच्याकडे यंत्रे पुष्कळ आली, पण प्रोस्टेटच्या रुग्णाच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम करणारा बदल कोणता असे कोणी विचारले, तर मी रोबोटचे नाव घेणार नाही. पूर्वी पीएसए वाढले की बायोप्सी, बायोप्सीत काही निघाले की शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, असा क्रम जवळजवळ आपोआप चाले. गेल्या दहा वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी या क्रमाच्या मधोमध थांबून विचार करण्याच्या जागा निर्माण केल्या. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी आधी एमआरआय सांगितला, तो याच बदलाचा भाग आहे आणि तो सल्ला योग्य आहे. मी वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते निर्णयाची दिशा समजण्यासाठी आहे. निर्णय त्यांच्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

सर्वांत आधी त्या कॅप्सूलचे पाकीट शोधा आणि त्यावरील घटकद्रव्यांची नावे वाचा. केवळ टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन किंवा अल्फुझोसिन असेल, तर पीएसएवर त्याचा म्हणावा असा परिणाम होत नाही. परंतु त्यात ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, तर सारे चित्र बदलते. ही औषधे ग्रंथी आकसवतात आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे दोन वर्षे ड्युटास्टेराइड घेणाऱ्या माणसाचे ७.४ हे प्रत्यक्षात १५ च्या आसपास धरावे लागते. आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास लिहून दिल्या जातात, आणि रुग्ण त्यांना ‘प्रोस्टेटची गोळी’ या एकाच नावाने ओळखतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर या औषधाची नोंद नसते, त्यामुळे आकडा चार या नेहमीच्या मर्यादेच्या आत आला की सगळे निश्चिंत होतात. माझ्या अनुभवात निदान लांबण्याचे हे एक अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. अशा औषधावर असताना पीएसए आधी खाली जाऊन पुन्हा चढू लागले असेल, तर आकडा कितीही लहान असला तरी मी तो गांभीर्याने घेतो. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल घरात असतील तर तेही काढून ठेवा. एका आकड्यापेक्षा त्यांची चढती किंवा स्थिर रेघ अधिक बोलते. एक सूचना मात्र आवर्जून देतो: पीएसए ‘खरे’ कळावे म्हणून कॅप्सूल परस्पर बंद करू नका. ड्युटास्टेराइडचा अंश शरीरात काही महिने राहतो, त्यामुळे त्याने काही साधत नाही. उलट लघवी अडकण्याचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आकडा कोणत्या परिस्थितीत घेतला गेला. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे. कॅन्सरमध्ये ते रक्तात अधिक उतरते, पण वयानुसार ग्रंथी वाढल्यावर, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाल्यावर, लघवी तुंबून कॅथेटर घातल्यावर किंवा दुर्बिणीने तपासणी झाल्यावरही ते वाढते. संसर्गानंतर ते पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून तपासणीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत वडिलांना जळजळ, थंडीताप किंवा लघवी अडकणे यांपैकी काही झाले होते का, ते आठवून पाहा. तसे असेल तर युरिन कल्चर करून, आवश्यक ते उपचार पूर्ण करून, सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पीएसए पुन्हा करावे. तसे काही झाले नसेल तरीही एका आकड्यावर बायोप्सीचा निर्णय घेऊ नये, पुन्हा एकदा तपासून खात्री करून घ्यावी, असा माझा शिरस्ता आहे. मात्र तक्रार नसताना, लघवीत संसर्ग नसताना केवळ पीएसए उतरते का ते पाहण्यासाठी तीन-चार आठवड्यांचा प्रतिजैविकांचा कोर्स देण्याची जी जुनी पद्धत होती, ती मी सोडून दिली आहे. त्याने निर्णय सुधारत नाही, आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात, ते वेगळेच.

सायकलीला मी फारसा दोष देणार नाही. सायकल चालवल्याने पीएसए वाढते का, यावरचे अभ्यास एकमुखी नाहीत, आणि वाढ झालीच तरी ती सहसा किरकोळ आणि तात्पुरती असते. पुन्हा रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळावेत, एवढी काळजी पुरेशी आहे. पुण्यात अडुसष्टाव्या वर्षी कोणी रोज सायकल चालवत असेल, तर ती बंद करायला सांगण्याचे पाप मी तरी करणार नाही.

तिसरी बाब ग्रंथीच्या आकाराची. मोठी ग्रंथी अधिक पीएसए तयार करणारच, म्हणून पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारा आकडा, ज्याला पीएसए डेन्सिटी म्हणतात, तो आम्ही पाहतो. ७.४ ला ६२ ने भागल्यास साधारण ०.१२ येते, आणि ०.१५ च्या खालचा आकडा काहीसा दिलासा देणारा मानला जातो. परंतु कॅप्सूलमध्ये ड्युटास्टेराइड असेल आणि पीएसए दुप्पट धरायचे ठरले, तर हाच आकडा ०.२४ च्या आसपास जातो. या औषधाने ग्रंथीही आकसलेली असल्यामुळे हा दुसरा हिशेब तंतोतंत नाही, ठोकळच आहे; तरीही रक्ताचा अहवाल तोच आणि सोनोग्राफीही तीच असताना केवळ एका घटकद्रव्यामुळे वडील कमी जोखमीच्या गटातून काळजीच्या गटात जाऊ शकतात, हे यावरून दिसते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीतला आकार थोडाफार चुकू शकतो, एमआरआयमधला अधिक विश्वासार्ह असतो, म्हणून हे गणित एमआरआयनंतर पुन्हा करावे लागेल.

याच सुमारास गुदद्वारातून बोटाने ग्रंथीची तपासणी व्हायला हवी. अनेक वडीलधाऱ्यांना ती नकोशी वाटते आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरही ती टाळतात. निरोगी माणसांच्या चाळणीसाठी ही तपासणी फारशी उपयोगी नाही, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पण पीएसए वाढलेल्या माणसात बोटाला दगडासारखा कठीण भाग लागला, तर पुढे थांबायचे की नाही याचा निकाल तिथेच लागतो.

आता एमआरआयकडे येतो, कारण सर्वांत मोठा बदल इथे झाला. पूर्वी पीएसए वाढले की गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ग्रंथीच्या ठरावीक दहा-बारा जागांतून नमुने घेतले जात. कॅन्सर नेमका कुठे आहे ते या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, त्यामुळे हा प्रकार जमिनीखालचे पाणी न पाहता रानात ठरावीक अंतरावर बोअर मारत जाण्यासारखा होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रोमिस या अभ्यासात ५७६ पुरुषांची एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि संपूर्ण ग्रंथीची अतिशय दाट बायोप्सी अशी तिहेरी तपासणी झाली. दाट बायोप्सीत सापडलेल्या महत्त्वाच्या, म्हणजे पुढे त्रास देऊ शकणाऱ्या, कॅन्सरपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले होते. नेहमीच्या बायोप्सीने मात्र केवळ ४८ टक्के. म्हणजे वर्षानुवर्षे ज्या बायोप्सीच्या ‘नॉर्मल’ अहवालावर आम्ही लोकांना घरी पाठवत होतो, ती निम्म्याहून अधिक महत्त्वाचे कॅन्सर चुकवत होती. २०१८ साली प्रिसिजन या चाचणीत ५०० पुरुषांना दोन गटांत विभागले गेले. एमआरआय करून संशयास्पद भागातूनच नमुने घेतलेल्या गटात महत्त्वाचे कॅन्सर ३८ टक्के पुरुषांत सापडले, जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्के. याउलट ज्यांचा आयुष्यभर त्रास झाला नसता असे निरुपद्रवी कॅन्सर एमआरआयच्या गटात ९ टक्के आणि जुन्या पद्धतीत २२ टक्के निघाले. शिवाय एमआरआयच्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायोप्सीची गरजच पडली नाही. जे शोधायचे ते अधिक सापडावे, जे शोधायचे नाही ते कमी सापडावे आणि सुयाही कमी टोचाव्यात, असे तिन्ही लाभ एकाच तपासणीने द्यावेत हे वैद्यकात क्वचित घडते.

एमआरआय बायोप्सीच्या आधीच करावा, कारण सुईने झालेला रक्तस्राव पुढचे काही आठवडे चित्र गढूळ करतो. अहवालात पायरॅड्स नावाची १ ते ५ अशी श्रेणी असते. १ आणि २ म्हणजे संशय कमी, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी हवीच, आणि ३ म्हणजे मधला करडा पट्टा, जिथे वर सांगितलेली पीएसए डेन्सिटी कौल देते. आपल्याकडे एक जादा गुंतागुंत आहे: प्रोस्टेटचा क्षयरोग, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी हे औषध मूत्राशयात सोडल्यानंतर प्रोस्टेटमध्ये होणारा दाह, हे दोन्ही एमआरआयमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखे दिसू शकतात. त्यामुळे पायरॅड्स ५ वाचून घरात रडारड सुरू करू नये. तो संशयाचा दर्जा आहे, निदान नाही.

या एमआरआयचा दर्जा यंत्रावर अवलंबून असतो, आणि तो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टच्या सरावावर त्याहूनही अधिक. शहरात यंत्रांची वानवा नाही. कुठे स्वस्त पडतो यापेक्षा, प्रोस्टेटचे एमआरआय नियमित कोण वाचते, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. तपासणीआधी पोट साफ असावे, कारण गुदाशयातील वायूने प्रतिमा बिघडतात. वडिलांचा खुबा बदललेला असेल किंवा पेसमेकर असेल, तर ते आधी सांगावे. गुडघे बदललेले असल्यास सहसा अडचण येत नाही. काहींना चित्र ठळक दिसण्यासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाची, कॉन्ट्रास्टची, धास्ती असते, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असतील तर. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राइम या आंतरराष्ट्रीय चाचणीत कॉन्ट्रास्टशिवायच्या छोट्या एमआरआयनेही महत्त्वाचे कॅन्सर पूर्ण एमआरआयइतकेच सापडले, दोन्हींत २९ टक्के. वेळ आणि खर्च दोन्ही वाचवणारा हा निष्कर्ष आपल्यासारख्या देशाला फार सोयीचा आहे. फक्त त्या चाचणीत प्रतिमांचा दर्जा काटेकोरपणे तपासून घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

एमआरआय स्वच्छ आला तर? डेन्सिटी कमी असेल, बोटाला काही लागत नसेल आणि घराण्यात आजार नसेल, तर मी बायोप्सी न करता दर सहा महिन्यांनी पीएसए पाहत राहतो. एमआरआय काही कॅन्सर चुकवतोच, हे मी रुग्णाला स्पष्ट सांगतो. पण चुकलेले बहुतेक लहान आणि संथ असतात आणि पाठपुरावा चालू असेल तर नंतर पकडता येतात. यात मेख आहे ती पाठपुराव्याची. माणूस वर्षातील सहा महिने गावी आणि सहा महिने मुलीकडे परदेशात असेल, अहवाल कुणाकडेच राहत नसतील, तर मी त्याच निष्कर्षावर वेगळा सल्ला देऊ शकतो.

आता काकांच्या शंकेविषयी. प्रोस्टेटच्या सुईच्या बायोप्सीने कॅन्सर शरीरभर पसरतो, याला व्यवहारात आधार नाही. सुईच्या मार्गात पेशी रुजल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात आहेत, पण त्या इतक्या विरळ आहेत की निर्णय त्यांवर बेतता येत नाही. उलट निदानाअभावी आजार वाढू देण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. ही समजूत कशी तयार होते, तेही मला दिसते: आजार आधीच पसरलेल्या अवस्थेत माणूस येतो, बायोप्सी होते, काही महिन्यांत तो खंगतो आणि दोष सुईवर जातो. बायोप्सीचा खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे. गुदाशयातून सुई जाते तेव्हा आतड्यातील जंतू ग्रंथीत आणि रक्तात जाऊ शकतात, आणि आपल्याकडे हे जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना पुष्कळदा जुमानत नाहीत. म्हणून वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून, पेरिनियममधून, सुई घालण्याची पद्धत रुळते आहे. ती बहुतेकांना जागेवरच भूल देऊन करता येते. ब्रिटनमध्ये १,१२६ पुरुषांवर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रान्सलेट या चाचणीत या मार्गाने महत्त्वाचे कॅन्सर ६० टक्के पुरुषांत आणि गुदाशयामार्गे ५४ टक्के पुरुषांत सापडले. या मार्गाने भूल देताना थोडे अधिक दुखते, हे खरे आहे. तुमच्या डॉक्टरांचा हात गुदाशयामार्गेच बसलेला असेल आणि ते संसर्ग टाळण्याची योग्य खबरदारी घेत असतील, तर केवळ मार्गासाठी डॉक्टर बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात; हृदयात स्टेंट असल्यास त्या कधी आणि किती दिवस थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकते. थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

इथवरचा क्रम म्हणजे कॅप्सूलचे घटक, पुन्हा पीएसए, बोटाने तपासणी, एमआरआय, आणि गरज असेल तरच लक्ष्य ठरवून बायोप्सी. मेव्हण्यांचा मुद्दा यानंतर सुरू होतो. बायोप्सीच्या अहवालाआधी रोबोटची चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण अजून कॅन्सर असल्याचेच ठरलेले नाही.

समजा, बायोप्सीत कॅन्सर निघाला. तरी पुढचा प्रश्न तो कोणत्या प्रतीचा, हा असतो. अहवालात पेशी किती उग्र दिसतात हे सांगणारा ग्लीसन स्कोअर आणि १ ते ५ असा चढत्या उग्रतेचा ग्रेड गट दिलेला असतो. ग्रेड गट १, म्हणजे ग्लीसन ६, हा इतका संथ असतो की त्याला कॅन्सर म्हणावे की नाही, यावर तज्ज्ञांत गंभीरपणे वाद चालू आहे. अशा रुग्णाला बहुतेक वेळा आम्ही शस्त्रक्रिया न करता देखरेखीखाली ठेवतो: ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी. याला आधार देणारा सर्वांत भक्कम अभ्यास म्हणजे ब्रिटनमधील प्रोटेक्ट. त्यात १,६४३ पुरुषांना केवळ देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एक चिठ्ठीसारख्या निवडीने दिले गेले. २०२३ साली १५ वर्षांचे निष्कर्ष आले. प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.२ टक्के आणि किरणोपचारात २.९ टक्के होते, म्हणजे अर्थपूर्ण फरक नव्हता. आजार दूर पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीत ९.४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते, आणि देखरेखीतील सुमारे ६१ टक्के पुरुषांना या काळात केव्हा ना केव्हा उपचार घ्यावेच लागले. देखरेख म्हणजे विसरून जाणे नव्हे, हे या आकड्यांतच आहे. आणखी एक मर्यादा सांगायला हवी: त्या पुरुषांचे पीएसए बहुतांशी कमी होते. वडिलांचे खरे पीएसए १५ च्या घरात असेल आणि बायोप्सीत ग्रेड गट ४ निघाला, तर प्रोटेक्टचा दिलासा त्यांना लागू होत नाही. तिथे ठाम उपचारच लागतात.

जोखीम अधिक असेल तेव्हा आजार ग्रंथीबाहेर गेला आहे का, हे पाहण्यासाठी आता पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला स्कॅन, उपलब्ध आहे, आणि तो पुण्यातही होतो. ऑस्ट्रेलियातील ३०२ रुग्णांच्या प्रोपीएसएमए या २०२० सालच्या अभ्यासात त्याची अचूकता ९२ टक्के, तर सीटी आणि हाडांच्या स्कॅनची मिळून ६५ टक्के होती. परंतु हा स्कॅन प्रत्येकासाठी नाही. कमी जोखमीच्या रुग्णात तो केला की एखाद्या बरगडीत बारीकसा ठिपका चमकतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण त्याच्यामागे घरचे दोन महिने झोपत नाहीत. याच पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून पसरलेल्या कॅन्सरवर उपचार करता येतात. २०२१ सालच्या व्हिजन चाचणीत इतर उपचार थकलेल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेले. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा विषय आज तरी दूरचा आहे, म्हणून इथेच सोडतो.

रोबोटविषयी माझे मत थोडे अप्रिय वाटेल. मी स्वतः त्यावर काम करतो आणि ते साधन मला आवडते: रक्तस्राव कमी होतो, रुग्ण लवकर घरी जातो, शल्यविशारदाची पाठही वाचते. पण ब्रिस्बेनमध्ये उघडी शस्त्रक्रिया आणि रोबोट यांची थेट तुलना करणारी जी चाचणी झाली, तिच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर लघवीवरचे नियंत्रण आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती. तेव्हा कोणता रोबोट आहे हे विचारण्याऐवजी, हात कोणाचा आहे, तो वर्षभरात अशा किती शस्त्रक्रिया करतो आणि त्याच्या रुग्णांना वर्षानंतर लघवी गळते म्हणून किती पॅड लागतात, हे विचारावे. शस्त्रक्रियेला तोडीस तोड पर्याय किरणोपचाराचा आहे, आणि तोही आता आटोपशीर झाला आहे. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावे लागे. २०२४ सालच्या पेस-बी चाचणीत कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना केवळ पाच सत्रांत दिलेले किरणोपचार पाच वर्षांनंतर लांबलचक कोर्सइतकेच परिणामकारक ठरले. अडुसष्टाव्या वर्षी, ग्रंथी ६२ ग्रॅमची आणि लघवीची तक्रार आधीपासून असताना, कोणता मार्ग बरा हे लघवीचा जोर, हृदय, मधुमेह आणि वडिलांना कोणता दुष्परिणाम अधिक खटकेल यावर ठरते. म्हणून शस्त्रक्रियेचे ठरवण्यापूर्वी किरणोपचारतज्ज्ञांना एकदा भेटल्याशिवाय मी माझ्या रुग्णाला तारीख देत नाही.

वडिलांची लघवीची तक्रार हा वेगळा विषय आहे आणि तो पीएसएशी जोडू नये. बहुतांश वेळा ती ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे असते. औषधाने भागत नसेल, तर दुर्बिणीतून लेझरने आतला भाग सोलून काढता येतो. मात्र बाहेरचे कवच राहत असल्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतरही पीएसए तपासत राहावे लागते, आणि कॅन्सरचा संशय असेल तर त्याचा निकाल आधी लावावा.

घाई करण्याचे प्रसंगही आहेत. पाठीत किंवा कमरेत नव्याने सुरू झालेले, रात्री झोपू न देणारे दुखणे, पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी पूर्ण अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे, बोटाला कठीण गाठ लागणे किंवा पीएसए वीस-तीसच्या वर असणे, यांपैकी काहीही असेल तर वर सांगितलेला सहा-आठ आठवड्यांचा धीर लागू नाही. पायांतील शक्ती जात असेल तर तो त्याच दिवसाचा तातडीचा प्रसंग समजावा. तसे नसेल, तर एमआरआय पंधरा दिवस पुढे गेल्याने नुकसान होत नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. पुण्याच्या कॅन्सर नोंदणीत प्रोस्टेट पुरुषांमधील आघाडीच्या कॅन्सरपैकी एक आहे, त्यामुळे तुमची काळजी अनाठायी नाही. पण सर्वांनीच पीएसए करावे का, याचे उत्तर सरळ नाही. युरोपातील आठ देशांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या चाचणीचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ साली आले: तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते, आणि एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना बोलवावे लागले. लाभ आहे, पण तो सावकाश मिळणारा आहे, आणि त्याची किंमत म्हणून काहींचे अनावश्यक निदान होते. एमआरआयमुळे ती किंमत कमी झाली. स्वीडनमधील गोटेबोर्ग-२ या चाचणीत केवळ एमआरआयमध्ये संशय दिसलेल्यांचीच बायोप्सी केल्यावर निरुपद्रवी कॅन्सरचे निदान निम्म्यावर आले. घराण्यात आजार नसेल तर मी पन्नाशीनंतर एकदा पीएसए करून पुढचे अंतर त्या आकड्यावरून ठरवतो. वडिलांना कॅन्सर निघाला तर तुम्ही ४५ व्या वर्षी सुरुवात करावी, म्हणजे अजून दोन वर्षे आहेत. त्यांचा आजार पसरलेला किंवा फार उग्र असेल, किंवा घरात आत्या, आजी यांना स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कॅन्सर झालेला असेल, तर वडिलांची बीआरसीए जनुकांची तपासणी आधी करावी. त्यात दोष सापडला तर तुमची आणि तुमच्या बहिणींचीही तपासणी करावी लागेल, आणि तसे झाल्यास तुमचे पहिले पीएसए ४५ ची वाट न पाहता लगेच करावे.